करंट कुठं अडला?

चालती मोटारसायकल दोन तऱ्हांनी बंद पडते. पेट्रोल अडलं तर ती एकदम थांबत नाही. आधी गचके देते, ओढ कमी होते, एक्सिलेटर पिळला की थोडी उचल खाते आणि शे-दोनशे मीटर रखडत जाऊन मग थांबते. वीज गेली तर यातलं काहीच होत नाही. पन्नासच्या वेगात असलेलं इंजिन एका क्षणात बंद होतं. चाकं फिरत असतात, वारा लागत असतो, पण इंजिनाचा आवाज गेलेला असतो. तिसराही एक प्रकार आहे. गाडी क्षणभर बंद होते, पुन्हा पेटते आणि सायलेन्सरमधून फाट्‌दिशी आवाज येतो. ठिणगी न मिळालेलं पेट्रोल सायलेन्सरपर्यंत जातं आणि वीज परत आली की तिथं पेटतं. म्हणजे वायर पूर्ण तुटलेली नाही, कुठंतरी हलते आहे. म्हणून जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी मालकाला विचारतो, "गचके देऊन बंद पडली, का गपकन गेली?" अर्धा तपास या एका प्रश्नात होऊन जातो.

वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न रोज कुठंतरी विचारला जातो, कारण जुन्या गाड्यांवर हा जिल्हा चालतो. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. नीती आयोगाच्या २०१८च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. अकोला–पूर्णा लोहमार्ग वाशिमहून जातो. कारंज्याची शकुंतला रेल्वे बंद पडून वर्षं लोटली. समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या पट्ट्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे शेतातून घरी, घरून बाजार समितीत, रिसोडहून वाशिमला दवाखान्यात, मानोऱ्याहून पोहरादेवीला जायचं तर जुन्याच रस्त्यानं आणि बहुतेकदा जुन्याच दुचाकीवर. बाजाराच्या दिवशी उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचत गेलं की एमएच ३७च्या रांगेत अधूनमधून एमएच ३० दिसते. त्यातल्या काही नंतर अकोल्याहून विकत आणलेल्या असतात, काही मात्र वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं तेव्हाच्या पासिंगच्या. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते, तिची फी १ एप्रिल २०२२पासून ३०० रुपयांवरून १,००० झाली. तरी लोक ती भरतात. ज्या घरात नवी गाडी घेणं म्हणजे एका हंगामाचं सोयाबीन घालवणं, तिथं जुनी जपणं हाच हिशोब बरोबर असतो.

यातल्या बऱ्याच गाड्या हिरो होंडाच्या आहेत. १९८५ साली हरियाणातल्या धारुहेड्याच्या कारखान्यातून सीडी १०० आली, १९९४मध्ये स्प्लेंडर. सत्त्याण्णव सीसीचं ते इंजिन खेड्यापाड्यात इतकं रुळलं की त्याचं पिस्टन, क्लच, चेन हे काम चौकाचौकातल्या पोरांना येतं. वायरिंग म्हटलं की मात्र त्यातले निम्मे मागं सरतात. पिस्टन डोळ्यांना दिसतो, करंट दिसत नाही. माझं म्हणणं असं की करंट दिसत नसला तरी त्याची वाट ठरलेली असते, आणि जुन्या गाडीत ती वाट इतकी साधी आहे की सातवी-आठवीच्या मुलालाही कागदावर काढून दाखवता येईल.

जिल्ह्यातल्या कुठल्याही गॅरेजात ऐकू येईल असा हा संवाद पाहा.

"शेतातून येत होतो दादा, चालता चालता गपकन बंद झाली. किका मारून पाय दुखून गेले."

"हॉर्न वाजते का?"

"नाही."

"इंडिकेटर?"

"तेबी नाही. काहीच नाही लागत."

ऐकणाऱ्याला वाटतं, बॅटरी गेली असेल. पण जुन्या स्प्लेंडरची ठिणगी बॅटरीवर चालतच नाही, आणि खरा तपास इथूनच सुरू होतो. इंजिनाच्या डाव्या अंगाला, झाकणाच्या आत मॅग्नेट फिरतो. त्याच्या आतल्या प्लेटवर कॉइल बसवलेल्या असतात. एका कॉइलची वीज ठिणगीसाठी, दुसरीची लाईटसाठी आणि बॅटरी चार्ज करायला. ठिणगीची वीज सीडीआयमध्ये जाऊन साठते. पल्सर कॉइलनं वेळ झाल्याची खूण दिली की साठलेली सगळी वीज एका दमात इग्निशन कॉइलमध्ये सुटते आणि तिथून प्लगवर जाते. या सगळ्या फेऱ्यात बॅटरी कुठंच येत नाही. म्हणून बॅटरी काढून ठेवलेली स्प्लेंडरसुद्धा किकवर सुरू होते. हेडलाईटही थेट मॅग्नेटवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना तो लागला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाईट आणि न्यूट्रलचा दिवा हे मात्र बॅटरीवरचे.

म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या गाडीत दोन वेगवेगळ्या वाटा एकाच क्षणी बंद पडल्या आहेत. दोन्हींचे स्वतंत्र पार्ट एकाच सेकंदाला खराब होणं जवळपास अशक्य. मग विचारायचं, या दोन वाटा एकत्र कुठं येतात? उत्तर आहे चावीचा स्विच आणि त्याच्याकडे जाणारा वायरचा जुडगा, हॅन्डलच्या मानेपाशी. सीडीआय बदलायचं कारणच उरत नाही. गाडीची एक वायरही न सोडता नुसत्या विचारानं तपास एवढ्याशा जागेवर येऊन थांबतो. मला हे फार मोलाचं वाटतं. शाळेत भूमितीची सिद्धता शिकवतात तीच शिस्त इथं आहे, फक्त हात काळे होतात.

त्या मानेपाशी काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. हेडलाईटचा डोम खोलला की रंगीत वायरींचा गुंता बाहेर येतो. होंडाच्या पद्धतीत प्रत्येक रंगाला काम ठरलेलं आहे. हिरवी म्हणजे अर्थिंग. लाल म्हणजे बॅटरीकडून आलेली. काळी म्हणजे चावी ऑन केल्यावर जिच्यात करंट येतो ती. नारिंगी डाव्या इंडिकेटरची, आकाशी उजव्या. आणि काळ्या रंगावर पांढरी रेघ असलेली वायर म्हणजे इंजिन बंद करणारी. या शेवटच्या वायरीचं काम नीट समजून घ्यायला हवं. चावी ऑफ केली की ही वायर स्विचमधून अर्थिंगला जोडली जाते आणि ठिणगीची वीज सीडीआयपर्यंत न पोचता चेसीमध्ये उतरते. चावी ऑन केली की ही जोडणी सुटते. म्हणजे चावी इथं वीज सोडत नाही, वीज वाया घालवणं थांबवते. म्हणून ही वायर कुठंही सोलून चेसीला टेकली तर चावी ऑन असूनही गाडीला वाटतं की मालकानं ऑफ केलंय.

वीस वर्षं हॅन्डल डावीकडे-उजवीकडे वळत राहिलं आहे. प्रत्येक वळणाला जुडगा मानेवर थोडा घासतो, थोडा वाकतो. वरची टेप उन्हात कडक होऊन तडकते, मग प्लॅस्टिकचं आवरण झिजतं. लाल वायर चेसीला टेकली की फ्यूज उडतो आणि हॉर्न-इंडिकेटर जातात. शेजारचीच काळी-पांढरी टेकली की ठिणगी जाते. दोन्ही एकदम गेल्याचं कोडं इथं सुटतं. टेप सोडवली की तांब्याचा उघडा पडलेला हिरवट ठिपका दिसतो, ज्वारीच्या दाण्याएवढा.

कधी उलटंही होतं. आवरण शाबूत राहतं आणि आतलं तांबं वाकून वाकून तुटतं. बाहेरून वायर नवीकोरी दिसते. अशी वायर दोन चिमटीत धरून हलकेच ओढायची. आत तांबं सलग असेल तर ती ताणली जात नाही, तुटलं असेल तर नुसतं आवरण रबरासारखं लांबतं. हॅन्डल डावीकडे वळवलं की बंद, सरळ केलं की चालू, अशी तक्रार आली की बहुतेकदा हेच असतं.

दुरुस्तीत घाई केली तर महिनाभरानं गाडी पुन्हा दारात येते. दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे, ती उद्याची तक्रार आहे. पहिल्या पावसात टेपच्या आत पाणी जातं आणि सांधा हिरवा पडतो. टोकं सोलून पिळावीत, सोल्डर करावं, वर श्रिंक स्लीव्ह चढवावी. आणि सोल्डर केलेला सांधा मानेच्या वाकणाऱ्या भागात ठेवू नये. सोल्डरनं वायर कडक होते आणि जिथं कडकपणा संपतो तिथंच ती पुन्हा तुटते. जोड वायरीचा तुकडा वाढवून सांधा पुढं किंवा मागं न्यावा, आणि हॅन्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून जुडग्याला ढील आहे का ते पाहावं.

वाटेत, अंधारात, पातूर–मेडशीच्या घाटात अशी वेळ आली तर घरी पोचण्यापुरता उपाय आहे. सीडीआयच्या कपलरमधली काळी-पांढरी वायर सुटी करायची आणि किक मारायची. गाडी सुरू झाली तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा त्या वायरीत आहे हे सिद्ध झालं. फक्त एक ध्यानात ठेवायचं, आता चावीनं इंजिन बंद होणार नाही. घरी पोचल्यावर गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून ते बंद करावं लागेल. तरीही ठिणगी आली नाही तर दोष पुढं आहे. मॅग्नेटची कॉइल, पल्सर, सीडीआय, इग्निशन कॉइल, प्लगची कॅप यांपैकी एकात. यातही स्वस्त आणि सोपं ते आधी तपासावं. कॅप पिळून काढून वायरीचं टोक दोन-चार मिलिमीटर कापून पुन्हा बसवली की कित्येक गाड्या सुरू होतात.

फ्यूजबद्दल मात्र मला स्पष्टच बोलायचं आहे. फ्यूज उडाला की त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून गाडी पुढं काढणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि ती घातक आहे. फ्यूज स्वतः जळून बाकीची वायरिंग वाचवतो. तिथं तार बांधली की शॉर्ट तसाच राहतो आणि आता फ्यूजऐवजी सगळा जुडगा तापतो. टाकीखालून धूर निघतो, आणि टाकीत पेट्रोल असतं.

वारंवार फ्यूज उडतो तेव्हा शॉर्ट शोधायची एक सुंदर रीत आहे. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांना बारा व्होल्टचा एक बल्ब जोडायचा, ब्रेकलाईटचा एकवीस वॅटचा चालतो. चावी ऑन करायची. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण ताकदीनं पेटतो, पण काही जळत नाही, कारण सगळा करंट बल्बमधून जावा लागतो आणि त्यातून दोन अँपिअरही जात नाही. आता निवांतपणे एकेक कपलर सोडत जायचं. मागच्या लाईटचा सोडला, बल्ब तसाच. हॉर्नचा सोडला, तसाच. ब्रेकच्या स्विचचा सोडला आणि बल्ब विझला. शॉर्ट त्या फाट्यावर आहे. फ्यूजांची आख्खी डबी जाळूनही जे कळत नाही ते एका जुन्या बल्बनं कळतं. याच बल्बला दोन वायरी लावल्या की टेस्ट लॅम्प तयार. मीटर असेल तर उत्तमच. उभ्या गाडीची चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन जरा चढवलं की साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. असाच रेग्युलेटर गेल्यावर किंवा त्याचं अर्थिंग सुटल्यावर हेडलाईट आणि मागचा दिवा एकाच रात्री उडतात आणि मालक बल्बच्या कंपनीला दोष देत बसतो.

या जिल्ह्यात गाडीच्या वायरिंगला शत्रू पुष्कळ. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये थापला जातो आणि आतल्या वायरी ओढून नेतो. खताची पोती सीटवरून वाहिली जातात. सांडलेली भुकटी ओल धरते आणि पितळी टर्मिनल हिरवी पडतात. कोठ्यात सोयाबीन-तुरीच्या पोत्यांशेजारी गाडी ठेवली की उंदीर आधी पोत्याकडे येतात, मग वायरींकडे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या पल्सर कॉइलमधली बारीक तार तापून सुटते. गाडी वीस किलोमीटरवर बंद होते आणि निंबाखाली अर्धा तास उभी केली की सुरू होते. असा दोष थंड गाडीवर सापडूच शकत नाही. त्यासाठी गाडी तापवावी लागते, ती बंद पडेपर्यंत चालवावी लागते, आणि बंद पडल्याबरोबर ठिणगी तपासावी लागते. प्लग काढून कॅपमध्ये घालून हेडला टेकवायचा आणि किक मारायची. कॅप हातानं धरायची नाही, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना हे आधी पाहायचं.

आपणही शत्रूंत भर घालतो. किक स्टार्ट स्प्लेंडरची बॅटरी अडीच अँपिअर-तासाची. तिच्यावर मोठा भोंगा, रंगीत पट्ट्या, मोबाईलचा चार्जर लावताना कोणी बेरीज करत नाही. शिवाय ते सगळं मूळ वायर मध्येच सोलून जोडलेलं असतं. बंद पडलेल्या जुन्या गाडीवर आधी अशी वरून लावलेली प्रत्येक वस्तू सोडवावी. कित्येकदा तपास तिथंच संपतो.

बुलेटचं प्रकरण वेगळं आणि मला वैयक्तिक आवडीचं. १९५५पासून मद्रासला बनत आलेल्या या गाडीच्या जुन्या बिडाच्या इंजिनात पॉइंट आणि कॉइलची पद्धत होती. चार्ल्स केटरिंगनं १९१०च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठी उभी केली तीच. हिला बॅटरी हवीच. पण जुन्या बुलेटनं हेडलाईटच्या डोक्यावर एक छोटं घड्याळ दिलं होतं, अँपिअर मीटर. चावी ऑन करून किक हातानं किंवा पायानं अगदी सावकाश खाली न्यायची आणि काट्याकडे पाहायचं. पॉइंट मिटले की काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा डुलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट धड आहे, पुढं कॉइल आणि प्लग पाहा. काटा झुकून तिथंच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत. काटा मध्यावरून हललाच नाही तर करंट निघालेलाच नाही. बॅटरीचं टर्मिनल, फ्यूज किंवा त्या मीटरच्याच मागचा सैल नट. तीन उत्तरं, एक काटा, आणि एकही पाना लागला नाही. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२०च्या बीएस-६ नंतरच्या, पिवळा दिवा लुकलुकून दोषाचा आकडा सांगतो. तो आकडाही फार तर कुठल्या फाट्यावर बघायचं एवढंच सांगतो. सेन्सर गेला की सेन्सरची वायर तुटली, हे पुन्हा वायर ओढूनच ठरवावं लागतं.

एवढं सगळं सोपं असेल तर वाशिमच्या अकोला नाक्यापासून पुसद नाक्यापर्यंत गॅरेजांत अंदाजानं पार्ट का बदलले जातात? आधी सीडीआय, मग इग्निशन कॉइल, मग रेग्युलेटर, आणि शेवटी सापडते ती सुटलेली हिरवी वायर. याचा दोष मी मिस्त्रींना देणार नाही. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, शोधण्याचे देत नाही. डबीतून निघालेल्या नव्या सीडीआयचे सहाशे रुपये कुरकुर न करता मोजले जातात. पण तीन तास डोम उघडून, वायर वायर चाचपून, कसलाही पार्ट न बदलता गाडी सुरू करून दिली, तर तोच माणूस म्हणतो, "एक वायर तं जोडली दादा, कायचे एवढे पैसे?" ज्याला रोज संध्याकाळी दुकानाचं भाडं आणि पोराची मजुरी काढायची आहे, त्यानं अशा परिस्थितीत शोधत का बसावं? आपण गिऱ्हाइकांनीच त्याला अंदाजाकडे ढकललं आहे, आणि त्या अंदाजाची किंमतही आपणच भरतो. बदललेल्या तीन पार्टांपैकी दोन चांगले होते हे कधी कळतही नाही, कारण जुना पार्ट परत मागायचीही आपल्याला सवय नाही.

बदल दोन्ही बाजूंनी करता येईल. आयटीआयमध्ये दुचाकी-तीनचाकी मेकॅनिकचा कोर्स आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातात सर्टिफिकेटबरोबर चालू मॉडेलांच्या वायरिंगचे मराठीत छापलेले नकाशे असावेत, रंगांच्या नावांसकट. भिंतीवर लावता येतील एवढे मोठे. आणि गॅरेजच्या पाटीवर ऑईल बदलणे, क्लचप्लेट, चेनसेट यांच्या दरांखाली एक ओळ आणखी लिहिली जावी : वायरिंगचा फॉल्ट शोधणे, तासाचे अमुक रुपये, पार्ट बदलला नाही तरी. मिस्त्रीनं काम हाती घेण्याआधी ते सांगावं, गिऱ्हाइकानं मान्य करावं, आणि काम झाल्यावर सापडलेला वायरीचा तुकडा मिस्त्रीनं त्याच्या हातात ठेवावा.